पाना कोणाच्या हातात?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या किशोरी गटातली अकरावीची एक मुलगी पुण्याजवळच्या एका डोंगरी सायकल शर्यतीत उतरली. सायकल उसनी होती. चढाची तिला भीती नव्हती. पाटोदा तालुका बालाघाटच्या डोंगररांगेत आहे; वाडीवरून शाळेत येता-जाता ती रोज चढउतारच तुडवते. दुसऱ्या फेरीत, ऐन चढावर, सायकलची साखळी तुटली. साखळी जोडायचे छोटे हत्यार तिच्या पिशवीत होते. पण ते वापरायचे कसे हे तिला कोणी कधी दाखवलेच नव्हते. राहिलेले अंतर तिने सायकल ढकलत पार केले. परतताना एस.टी.त ती एवढेच म्हणाली, "ताई, पाय कमी नाय पडले. साखळी जोडता नाय आली."

या वाक्यावर आम्ही कार्यकर्त्या नंतर बराच काळ बोलत राहिलो. त्यातूनच तिच्यासाठी एक चांगली डोंगरी सायकल करायची, आणि ती विकत न आणता गटातल्या मुलींनीच बांधायची, असे ठरले. या कामात जे दिसले ते आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींपुढे ठेवावे म्हणून हे लिहिते आहे.

आधी पैशाचे बोलू. नामांकित कंपनीची, कार्बन फ्रेमची तयार डोंगरी सायकल घ्यायची तर किंमत दोन लाखांच्या पुढे जाते. चीनमधले काही कारखाने स्वतःच्या साच्यात फ्रेम घडवतात आणि तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव न घालता विकतात. ही फ्रेम बनावट नसते. दुसऱ्याचे नाव चोरून लावलेली असते ती बनावट. अशी बिननावाची फ्रेम सीमाशुल्क, कर आणि वाहतूक धरून आम्हाला 35 हजारांच्या आत पडली. पुढचा चिमटा, चाके, गिअर आणि ब्रेक हे पुण्यातल्या सायकलस्वारांनी वापरून काढलेले सामान होते. एकूण खर्च 80 हजारांच्या आसपास गेला आणि तो दोन देणगीदारांनी उचलला. सप्टेंबर 2025 पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. तरीही ही रक्कम आमच्या भागात लहान नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

संस्थेच्या बैठकीत पहिला आक्षेप इथेच आला. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या, "एवढ्या पैशात पंधरा मुलींना साध्या सायकली मिळाल्या असत्या. कार्बनचे हे खूळ कशाला?" आक्षेप खरा आहे. हिशेब मांडला तर त्यांचे बरोबर निघते. पण मला त्यात एक जुनी सवयही दिसली. गरिबाच्या मुलीला काही द्यायचे झाले की आपण 'पुरेसे' काय ते पाहतो, 'उत्तम' काय ते पाहत नाही. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळवले, तेव्हा सगळ्या जिल्ह्याला अभिमान वाटला. धावायला निदान स्वतःचे पाय पुरतात. सायकलीच्या शर्यतीत यंत्रही पळावे लागते. संगमनेरच्या प्रणिता सोमण यांनी डोंगरी सायकलिंगमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दाखवले आहे. त्या वाटेवर आमच्या मुलीला पाठवायचे आणि पायाखाली मात्र वीस किलोची लोखंडी सायकल द्यायची, याला संधी म्हणता येईल का?

आता यंत्राचे बोलू. कार्बन फ्रेम म्हणजे कार्बनच्या तंतूंचे पातळ कापड राळेत भिजवून, थरावर थर लावून, साच्यात तापवून घट्ट केलेली फ्रेम. आमच्या फ्रेमचे वजन सव्वा किलोच्या आसपास भरले. हे थर आजही हातानेच लावावे लागतात. या कारखान्यांच्या ज्या चित्रफिती आम्ही पाहिल्या, त्यांत टेबलांवर वाकून थर लावणाऱ्या बहुतेक बायाच होत्या. त्यांना रोज काय मिळतो, श्वासात काय जाते, हे त्या चित्रफिती सांगत नाहीत. 'परवडणारे' हा शब्द वापरताना कोणाच्या मेहनतीवर ते परवडते, हा प्रश्न आपण सोडून देता कामा नये. पण त्या चित्रफितींनी आमच्या मुलींना दुसरीही एक गोष्ट शिकवली. ही फ्रेम मुळात बाईच्या हातांनी घडते. मग तिला चाक बसवताना बाईचा हात का चालू नये?

हा प्रश्न काल्पनिक नाही. गावातल्या एका जुन्या सायकल दुकानदाराकडे आम्ही शिकायला गेलो. माणूस भला. पण पहिले दोन दिवस पाना द्यायची वेळ आली की त्याचा हात आपोआप शेजारी उभ्या असलेल्या पोरांकडे जायचा. मुलींकडे फडके यायचे, पुसायला. विचारले तर म्हणाला, "ताई, जोर लागतो. पोरींचं काम न्हाई ते."

ज्या मुलींच्या आया उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढतात, त्यांच्यासमोर हे वाक्य बोलले गेले. मुली हसल्या. पण हसून तो समज जात नाही. तो गेला मोजमापाने.

कार्बनचे काम जोराने होत नाही. हँडल धरणाऱ्या खोबणीचे स्क्रू साधारण 5 न्यूटन-मीटर एवढेच आवळायचे असतात. म्हणजे वीतभराहून लहान, 10 सेंटीमीटर लांबीच्या पान्यावर सुमारे पाच किलोचा दाब. त्याहून जास्त आवळले की फ्रेमला किंवा हँडलला तडा जातो, आणि तो रंगाखाली लपतो. लोखंड वाकले तर ठोकून सरळ करता येते. कार्बन वाकत नाही, तुटतो. त्यासाठी ठरलेल्या मापाला 'टक' वाजणारा टॉर्क पाना मिळतो. दुकानदाराने तो कधी वापरला नव्हता, त्याचा सगळा हिशेब मनगटात होता. मुलींनी त्याला माप दाखवले. त्याने मुलींना आटे दाखवले: पॅडलच्या आसाची उजवीकडची वाटी उलट्या आट्याची असते, ती डावीकडे फिरवून आवळायची. चौथ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "आधी पोरीला इचारा, किती मापाचं हाय."

काही ठिकाणी जोर लागतोही. मागच्या गिअरची चकती घट्ट करायला 40 न्यूटन-मीटर लागतात. तिथे पान्याचा दांडा लांब घ्यायचा. हे गणित रोजगार हमीच्या कामावर पहारीने दगड उलथणाऱ्या कोणत्याही बाईला तोंडपाठ असते. त्याला तंत्रज्ञान म्हणतात, हे मात्र तिला कोणी सांगितलेले नसते.

आमच्या रस्त्यांचा शत्रू म्हणजे बाभळीचा काटा. डोंगरी सायकलीच्या टायरमध्ये ट्यूब न घालता एक चिकट द्रव ओततात. काटा रुतला की हवेबरोबर तो द्रव भोकात जातो आणि भोक बुजते. मुलींनी तो भरला, टायर रिंगवर बसवताना दोनदा अंगावर उडवून घेतला, तिसऱ्यांदा जमवला. पंक्चर हे मुलीची शाळा बुडण्याचे केवढे मोठे कारण आहे, हे ज्या वाडीवस्तीवर काम करतात त्यांना सांगायला नको.

इथे आपल्या योजनांकडे वळते. सायकलीने मुलींची शाळा टिकते, याबद्दल आता शंका राहिलेली नाही. बिहारमध्ये 2006 साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अभ्यासकांना तिच्यामुळे माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण बाया सायकल शिकल्या. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. 2022 मध्ये ही रक्कम 3,500 वरून 5,000 रुपये झाली. हे सगळे स्वागतार्हच आहे.

पण वाटपाच्या छायाचित्रानंतर काय होते? आमच्या भागात योजनांतून आणि देणगीदारांकडून आलेल्या कितीतरी सायकली मी गोठ्यात टेकलेल्या पाहिल्या आहेत. एक आरा तुटलेला, एक ब्रेकची तार निसटलेली, एक नुसती हवा गेलेली. दुरुस्तीला भावाला सांगायचे, भावाला वेळ नसतो. भावाने दुरुस्त केली तर उद्यापासून ती भावाची होते. सायकल मुलीच्या नावावर आली, पण तिची किल्ली, म्हणजे पाना, पुरुषाच्याच खिशात राहिली. आपण मुलीला 'लाभार्थी' केले. यंत्राची धनीण केले नाही.

यात आणखी एक भीती मिसळलेली असते, ती उघड बोलली पाहिजे. सायकलीने मुलीचा 'पडदा' फाटतो, लग्नात अडचण येते, असे आजही आया दबक्या आवाजात विचारतात. योनिपटलाची ठेवण प्रत्येकीची वेगळी असते, त्यावरून कौमार्य ठरत नाही, हे आम्ही गटात आकृती काढून सांगतो. मुळात कौमार्य तपासण्याचा हक्क कोणाला, हाही प्रश्न विचारतो. सीटची रुंदी आणि उंची मुलीच्या अंगाला जुळवून घेतली की दुखणे थांबते. तेही पान्यानेच होते.

आणि लग्न. आमच्याकडे उसाच्या फडावर नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. म्हणून लग्न लवकर होते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 40 टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झाल्याचे दिसले. राज्याचे प्रमाण 22 टक्क्यांच्या आसपास होते. या मुलीचे आईवडीलही दिवाळीनंतर कारखान्यावर जातात. ती आजीजवळ राहते. सायकल तयार झाली त्या आठवड्यात वडिलांनी मला विचारले, "ताई, ऐंशी हजार? एवढ्यात पोरीचं लगीन उरकलं असतं." ते रागाने बोलले नाहीत. त्यांना खरोखर तोच हिशेब येतो, कारण व्यवस्थेने त्यांना दुसरा शिकवलेला नाही.

म्हणून सायकल कोणाच्या नावावर, यावर आम्ही बराच खल केला. ती अठरा वर्षांची होईपर्यंत सायकल गटाच्या नावावर राहील, त्यानंतर तिच्या. ती विकायची झाली तर तीच विकेल. भावाला देता येणार नाही, लग्नात देण्याघेण्यात धरता येणार नाही. वडिलांनी या कागदावर सही केली. हा कागद कोर्टात किती टिकेल हा वेगळा प्रश्न. पण मुलीच्या मालकीबद्दल त्या घरात कागद झाला, हे पहिल्यांदाच घडले.

ही मुलगी उद्या जिंकेलच असे मी म्हणत नाही. एका मुलीच्या सायकलीने कोयता थांबणार नाही, हेही मला कळते. कार्बनचीच फ्रेम हवी असाही माझा आग्रह नाही. शर्यत नसेल तर ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी सायकलच बरी, ती मार सोसते. ज्या गटांना अशी फ्रेम मागवायची असेल त्यांनी आयएसओ 4210 या सुरक्षा मानकाचा चाचणी अहवाल विकणाऱ्याकडे मागावा, आणि पॅडलच्या आसाची वाटी आट्यांची आहे ना ते पाहावे. ठोकून बसवायच्या वाटीला वेगळी हत्यारे लागतात, ती तालुक्याच्या गावी मिळत नाहीत.

माझे म्हणणे एवढेच आहे. सायकल वाटपाचा कार्यक्रम कोणाचाही असो, सरकारचा, कारखान्याचा किंवा आपला, प्रत्येक सायकलीबरोबर एक पाना, एक पंप आणि पंक्चरचे सामान गेले पाहिजे. वाटपाआधी आठ दिवसांचे दुरुस्तीचे शिबिर झाले पाहिजे, आणि शक्य तिथे ते शिकवणारी बाई असली पाहिजे. आपल्या प्रत्येक संस्थेच्या कपाटात अहवालांच्या फायलींशेजारी हत्यारांची एक पेटी असावी. आमच्या कपाटात ती आता आहे. दर रविवारी गटातल्या मुली ती बाहेर काढतात आणि वाडीवरच्या सायकली दुरुस्त करतात. मागच्या रविवारी तो जुना दुकानदार आला होता. त्याच्या एका गिऱ्हाइकाची गिअरची सायकल घेऊन, टॉर्क पाना मागायला. मुलींनी पाना दिला नाही. सायकल ठेवून जा म्हणाल्या, आणि दर सांगितला.