घर आणि घरपण : निळी भिंत

पावसाळा सरून दिवाळी जवळ येऊ लागली म्हणजे घरोघरी रंगाची भाषा सुरू होते. पांढऱ्या व बदामी भिंतींचा कंटाळा आलेल्या तरुण मंडळींचा ओढा मध्यम निळ्या रंगाकडे असतो, आणि वडीलधारी माणसे कपाळास आठ्या घालतात. दोन्ही पक्षांचे म्हणणे विचार करण्याजोगे असल्यामुळे ह्या महिन्यात आम्ही हाच विषय घेतला आहे.

प्रथम 'निळा' म्हणजे कोणता, हे ठरविले पाहिजे. संस्कृतात नील हा शब्द मोठा लवचीक आहे. अमरकोशकाराने तर त्याची गणना काळ्या रंगाच्या पर्यायांत केली आहे. तेव्हा रंगाऱ्यास नुसते 'निळा द्या' म्हणून सांगणे म्हणजे पत्त्यावाचून पत्र टाकण्यासारखे होय. आम्हांस अभिप्रेत असलेला निळा आभाळाहून गडद आणि शाईहून फिका. थंडीत विदर्भातील जवसाचे शेत फुलते, तेव्हा दिसणाऱ्या निळाईपेक्षा एक पायरी गडद म्हटले तरी चालेल.

हा रंग आपणांस नवा नाही. अजिंठ्याच्या चित्रांतील निळाईसाठी राजावर्त नावाचा पाषाण वापरला गेला. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येई आणि फार महाग असे. १८२८ साली फ्रान्समधील गिमे ह्या रसायनज्ञास तेच द्रव्य कृत्रिम रीतीने तयार केल्याबद्दल पारितोषिक मिळाले, आणि राजेरजवाड्यांची निळाई कपड्यांच्या निळीच्या पुडीतून परटाच्या घरापर्यंत पोहोचली. चुन्याच्या तीव्र क्षाराने ही नीळ बिघडत नाही. उलट 'प्रशियन' निळा चुन्यात घातला तर तपकिरी पडतो. चुन्याच्या निवळीत निळीची पुडी सोडून भिंती सारविणाऱ्या आपल्या आज्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण द्रव्याची निवड अचूक होती. मात्र चुना स्वतः पांढरा असल्याने त्या भिंती फिक्याच राहत. मध्यम निळा हवा असेल तर आजचा तयार रंगच घ्यावा लागतो, आणि येथूनच अडचणींस आरंभ होतो.

निळ्या रंगाने खोली गार राहते, ही समजूत नागपुरात फार प्रिय आहे, आणि २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश उष्णता सोसलेल्या शहराने ती बाळगावी ह्यात नवल नाही. परंतु आतल्या भिंतीच्या रंगाने खोलीची उष्णता उतरत नाही. मनास गारवा वाटतो, इतकेच. खरा गारवा हवा असेल तर गच्चीवर पांढरा चुना द्यावा, पश्चिमेच्या खिडकीस वाळ्याचा पडदा लावावा, आणि मग भिंतीस हवा तो रंग द्यावा.

दुसरी गोष्ट उजेडाची. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार पंचमांश भाग खोलीत परत टाकते. मध्यम निळी भिंत त्याच्या निम्माही टाकीत नाही. म्हणजे चारी भिंती निळ्या केल्या की त्याच दिव्यात खोली अंधारते. दिवा पिवळट असेल तर निळा रंग मळकट व हिरवटही दिसतो. दिव्याच्या खोक्यावर २७०० केल्विन लिहिलेले असते तो पिवळट, ६५०० चा पांढरा. ४००० च्या जवळपासचा दिवा निळ्या भिंतीस बरा.

तिसरी गोष्ट घरातील वृद्धांची, आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर होत जाते व निळे किरण अडविते. सूनबाईंना जो निळा प्रसन्न वाटतो, तोच आजींना काळपट दिसतो. निळ्या भिंतीवरील काळे बटण किंवा निळ्या भिंतीलगतची गडद पायरी त्यांस नीट उमगत नाही. आजी कुरकुरतात ती जुन्या चालीच्या हट्टाने, असे म्हणून त्यांचे बोलणे सोडून देऊ नये. अंधाऱ्या माजघरात घसरून मोडलेले हाड सुंदर भिंतीने सांधत नाही.

म्हणून आमची सूचना अशी. देवघर, माजघर, जिना आणि वृद्धांची खोली उजळ रंगाची ठेवावी. दिवाणखान्याची एकच भिंत, शक्य तर खिडकीसमोरची, निळी करावी. छत व उरलेल्या भिंती पांढऱ्या असाव्यात. सागवानी कपाट आणि पितळी समई त्या भिंतीपाशी खुलतात. संत्र्यांची टोपली ठेवून पाहिली तर निळा आणि नारिंगी हे रंग एकमेकांस कसे उठाव देतात ते कळेल. पत्रकावरील चौकटीवरून रंग ठरवू नये. तोच रंग भिंतीवर पसरला की अधिक गडद भासतो. दोन हात लांबरुंद पुठ्ठा रंगवून तो सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात दोन दिवस पाहावा, आणि घरातील सर्वांत वृद्ध माणसाससुद्धा दाखवावा.

शेवटी एक सावधगिरी. जुन्या घरांतील दारे, खिडक्या व भिंतींचे तेलरंगी पट्टे ह्यांत शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक नसावे, हा केंद्र सरकारचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचे थर मात्र जागच्या जागीच आहेत. नव्या निळ्यासाठी ते कोरडे घासले तर उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते, आणि गर्भवतीसही ती घातक. तेव्हा जुना थर पाण्याने भिजवूनच घासवावा, ज्योतीने जाळू नये, काम पुरे होईतो मुलांस व गर्भवती सुनेस दुसरीकडे ठेवावे, आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. नव्या डब्यावर शिशासंबंधीचा मजकूर वाचूनच पैसे द्यावेत.

रंग दर चारपाच वर्षांनी बदलता येतो. आजींची दृष्टी आणि नातवाची बुद्धी बदलून मिळत नाही, एवढे ध्यानी ठेवून ज्याने त्याने आपल्या घरची निळाई निवडावी.