कडुनिंबाची साक्ष

दिवाळी आली, की उटण्याच्या वासाबरोबर घरोघरी एक अभिमानही दरवळू लागतो : ‘हे सारे आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते!’ मी पडलो मॅट्रिक शिकलेला मास्तर. सणासुदीला कुणाच्या आनंदात मिठाचा खडा टाकण्याची मला हौस नाही. पण या वाक्याला माझी हरकत आहे.

वाचकहो, कडुनिंबाचेच घ्या. निंबाच्या तेलाने पिकांवरील बुरशी मारण्याच्या पद्धतीचे युरोपीय पेटंट १९९४ साली अमेरिकेचे कृषिखाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी यांना मिळाले. आपण संतापलो, आणि ते योग्यच होते. पण २००० साली ते पेटंट रद्द झाले, तेव्हा सुनावणीत वजन पडले ते एका भारतीय साक्षीदाराच्या शब्दाचे. पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यांत निंबाच्या अर्काच्या चाचण्या शेतांवर झाल्या होत्या! २००५ साली अपीलही फेटाळले गेले.

‘आजी लावायची’ हा सुगावा झाला. पुरावा पुढेच असतो. ताटलीत आगरच्या थरावर बुरशी वाढवायची, त्यावर पाल्याचा अर्क ठेवायचा आणि भोवती बुरशीविना किती मिलिमीटरचे कडे राहिले ते मोजायचे. अर्क अल्कोहोलात काढला असेल, तर शेजारी नुसते अल्कोहोलही ठेवायचे. नाहीतर बुरशी मेली ती पाल्याने की अल्कोहोलाने, हे कोण सांगणार? शिवाय ताटलीत मेलेली बुरशी कातडीवर मरेलच असे नाही. ती परीक्षा निराळी.

‘हा पूर्वजांवर अविश्वास!’ असे कुणी म्हणेल. अहो, ज्याला आपल्या मुलाच्या हुशारीची खात्री असते, तो त्याला परीक्षेला बसवायला भीत नाही. भितो तो नुसता कौतुक करणारा.

माझ्या वर्गात गजकर्णाने बेजार झालेली पोरे बसतात. टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधालाही न जुमानणारी बुरशी आज देशात पसरली आहे. नायट्यावर चोळतात त्या टाकळ्याच्या पाल्यात खरोखर गुण असेल, तर तो मोजूनमापून या पोरांपर्यंत पोचला पाहिजे. नसेल, तर महिनोन् महिने पाला चोळत बसण्यापूर्वी त्यांच्या आईबापांना ते कळले पाहिजे.

पूर्वजांनी झाड दाखवले. मोजण्याचे काम आपल्याकडे आले आहे, आणि ते फराळाच्या ताटावरील गप्पांनी होणारे नाही.