घरच्या घरी इंग्रजी : उघडे ‘जर’ आणि बंद ‘जर’

मागच्या अंकात आपण क्रियापदाची तीन रूपे पाहिली होती : गो, वेंट, गॉन. आज ती कामाला येणार आहेत, तेव्हा वही जवळ ठेवा.

गेल्या आठवड्यात मगरिबनंतर शेजारच्या भाभी आमच्याकडे आल्या. हातात मुलीची इंग्रजीची वही होती. मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आठवीला आहे. तिने लिहिले होते, ‘इफ इट विल रेन, वुई विल स्टे ॲट होम.’ बाईंनी पहिल्या ‘विल’भोवती लाल गोल काढला होता. मुलीने विचारले, ‘‘अम्मी, पाऊस तर उद्या पडणार, मग विल का चुकलं?’’ भाभींचे शिक्षण उर्दू माध्यमातून दहावीपर्यंत. त्या आम्हाला म्हणाल्या, ‘‘दूध उतू जाईल असं सांगून मी स्वयंपाकघरात गेले. गॅसवर काहीच नव्हतं.’’

असे न उकळणारे दूध पुष्कळ घरांत असते. मुले पुढच्या इयत्तेत जातात आणि आई-वडील हळूहळू वहीपासून लांब बसू लागतात. म्हणून यावेळी जर-तरची वाक्ये घेतली आहेत. हे व्याकरण आपल्याला नवे नाही. दिवसातून दहा वेळा आपण ते बोलतो.

कसे? ‘इन्शाअल्लाह’ हा शब्द घ्या. ‘इन’ म्हणजे जर, ‘शाअ’ म्हणजे इच्छिले. जर अल्लाहने इच्छिले तर. बोलणे उद्याच्या कामाबद्दल असते, पण ‘शाअ’ हे क्रियापद अरबीत भूतकाळाच्या रूपात आहे. मराठीतही आपण ‘पाऊस आला तर घरीच बसू’ म्हणतो. पाऊस अजून आलेला नाही, तरी ‘आला’ म्हणतो. घरातल्या उर्दूतही ‘बारिश हुई तो’ असेच म्हणतो. म्हणजे ‘जर’ आला की क्रियापदाचे रूप एक आणि त्याची वेळ दुसरी, ही सवय आपल्या जिभेला आधीच आहे.

इंग्रजीतही तसेच होते, फक्त रूप वेगळे. उद्याच्या शक्यतेसाठी ‘इफ’नंतर इंग्रजी साधा वर्तमानकाळ घेते : ‘इफ इट रेन्स, वुई विल स्टे ॲट होम.’ भविष्याचा ‘विल’ दुसऱ्या भागात, म्हणजे ‘तर’च्या बाजूला येतो. मुलीच्या लाल गोलाचे उत्तर एवढेच आहे. भाभींनी ते ऐकले आणि म्हणाल्या, ‘‘बस, इतकंच?’’

इतकेच नाही, पण पुढचेही अवघड नाही. वाक्य लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारायचा : हे दार उघडे आहे की बंद? घडू शकणारी गोष्ट म्हणजे उघडे दार. घडत नसलेली किंवा घडून न गेलेली गोष्ट म्हणजे बंद दार. अरबीत या दोन्हींसाठी शब्दच वेगळे आहेत. घडू शकणाऱ्या गोष्टीला ‘इन’, आणि न घडलेल्या गोष्टीला ‘लौ’. इंग्रजीकडे ‘इफ’ एकच, त्यामुळे ती फरक क्रियापदात दाखवते.

उघड्या दाराची वाक्ये दोन प्रकारची. पहिला प्रकार, नेहमीच खरे असणारे : ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ बर्फ तापवला तर वितळतो. दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. दुसरा प्रकार, पुढे घडू शकेल असे : ‘इफ यू स्टडी, यू विल पास.’ एकीकडे वर्तमानकाळ, दुसरीकडे विल.

बंद दाराचीही दोन वाक्ये आहेत, आणि खरी अडचण इथेच येते. ‘मला वेळ असता तर मी आलो असतो.’ हे वाक्य आपण आजच्या वेळेबद्दलही म्हणतो आणि कालच्या वेळेबद्दलही. मराठीला एकच रूप पुरते. इंग्रजी मात्र विचारते, आजची गोष्ट की कालची?

आजची असेल तर : ‘इफ आय हॅड टाइम, आय वुड कम.’ मला आत्ता वेळ नाही, म्हणून येत नाही. ‘हॅड’ दिसतो भूतकाळाचा, पण बोलणे आजचे.

कालची असेल तर : ‘इफ आय हॅड हॅड टाइम, आय वुड हॅव कम.’ काल वेळ नव्हता, म्हणून आलो नाही. दोन ‘हॅड’ पाहून घाबरू नका. पहिला मदतीचा, दुसरा ‘हॅव’चे तिसरे रूप.

लक्षात ठेवायला सोपे सूत्र असे : खऱ्या परिस्थितीपासून दूर जायचे असेल तर इंग्रजी काळात एक पाऊल मागे जाते. आजची न घडणारी गोष्ट भूतकाळाच्या रूपात, आणि कालची न घडलेली गोष्ट त्याहून मागे, ‘हॅड’ आणि तिसऱ्या रूपात. सल्ला देताना ‘इफ आय वेअर यू’ म्हणतात. मी तुझ्या जागी असतो तर. मी तुझ्या जागी नाही, म्हणून ‘ॲम’ नाही.

आपल्याकडून नेहमी होणाऱ्या चार चुका अशा :

१. ‘इफ’च्या बाजूला ‘वुड’ घालणे. ‘इफ आय वुड हॅव मनी’ नाही, ‘इफ आय हॅड मनी’.

२. ‘जर’ला ‘तर’ हवाच, म्हणून प्रत्येक वेळी ‘देन’ जोडणे. इंग्रजीत त्याची गरज नसते.

३. ‘अनलेस’नंतर पुन्हा नकार घालणे. ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. ‘अनलेस यू हरी, यू विल मिस द बस.’ घाई केली नाहीस तर बस चुकेल.

४. स्वल्पविराम विसरणे. ‘इफ’ने वाक्य सुरू झाले तर पहिल्या भागानंतर स्वल्पविराम द्यायचा. ‘इफ’ मधे आला तर सहसा देत नाहीत.

हे झाल्यावर आम्ही भाभींना म्हटले, आता प्रत्येक प्रकारचे एक वाक्य स्वतःचे लिहा, पुस्तकातले नको. पहिली दोन त्यांनी झटकन लिहिली. शेवटच्या प्रकाराला पेन थांबले. मग त्यांनी लिहिले, ‘इफ आय हॅड स्टडीड आफ्टर टेन्थ, आय वुड हॅव बिकम अ टीचर.’ दहावीनंतर शिकले असते तर शिक्षिका झाले असते. वाक्यात एकही चूक नव्हती. त्या बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या, आणि आम्हालाही काय बोलावे ते सुचेना.

‘लौ’बद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. तिचा आशय असा : जे तुमच्या फायद्याचे आहे त्यासाठी झटा, अल्लाहची मदत मागा, हतबल होऊ नका, आणि काही आपत्ती आली तर ‘मी असे केले असते तर’ म्हणत बसू नका, कारण हा ‘जर’ सैतानाच्या कामाला वाट करून देतो. हळहळत बसण्याबद्दलची ही ताकीद आहे. एरवी या वाक्याने आभारही मानता येतात : ‘इफ यू हॅड नॉट हेल्प्ड मी, आय वुड हॅव फेल्ड.’ तुम्ही मदत केली नसती तर मी नापास झाले असते. बंद दाराचे वाक्य शिकावे जरूर, पण त्यात मुक्काम करू नये.

आम्ही भाभींना हे सांगितले. त्यांनी त्याच ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली, ‘इफ आय प्रॅक्टिस एव्हरी डे, आय विल टीच माय डॉटर.’ व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर ही ओळ आधीच्या ओळीपेक्षा सोपी आहे. ती पाळणे मात्र अवघड, आणि त्यासाठीच घरचा सराव हवा.

रात्री दस्तरख्वान आवरल्यावर दहा मिनिटे साखळीचा खेळ खेळा. एकाने म्हणायचे, ‘इफ आय गेट अप अर्ली, आय विल कॅच द बस.’ पुढच्याने तिथूनच धरायचे, ‘इफ आय कॅच द बस, आय विल रीच ऑन टाइम.’ ज्याच्या ‘इफ’मागे ‘विल’ येईल, त्याने सर्वांना पाणी आणून द्यायचे. दादीजानलाही घ्या, त्या मराठीत किंवा उर्दूत म्हणतील आणि मुले इंग्रजी करतील.

आता वहीत सोडवा :

१. इफ शी ____ (कॉल) मी, आय विल कम.
२. इफ आय ____ (बी) यू, आय वुड टॉक टू द टीचर.
३. इफ वुई ____ (लीव्ह) अर्ली यस्टरडे, वुई वुड हॅव कॉट द ट्रेन.
४. अनलेस यू ____ (वॉटर) द प्लांट, इट विल डाय.
५. इंग्रजी करा : अब्बा आज घरी असते तर खूश झाले असते.

उत्तरे : १. कॉल्स. २. वेअर. ३. हॅड लेफ्ट. ४. वॉटर. ५. इफ अब्बा वेअर ॲट होम टुडे, ही वुड बी हॅपी. पाचव्यात ‘वुड हॅव बीन’ लिहिले असेल तर पुन्हा वाचा. मराठीने तुम्हाला फसवले. गोष्ट आजची आहे.

भाभींची वही आता आमच्याकडे दर शुक्रवारी येते. लाल गोल त्यातही पडतात, पण ते आता आठवीतली मुलगी काढते. पुढच्या महिन्यात प्रश्न कसे विचारायचे ते पाहू, इन्शाअल्लाह. आणि हो, हे वाक्य कोणत्या दाराचे, ते आता तुम्हीच सांगा.