बोटीवरच्या नोकरीला हो म्हणण्याआधी



कोकणातल्या मुस्लिम घरात मुलगा "मी बोटीवर जातो" म्हणाला, तर घर दचकत नाही. कुणाचा आजा सारंग होता, कुणाचा चुलता भंडारी, कुणाचा मामू इंजिनखात्यात. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे बोटीवर गेली. करार किती महिन्यांचा, पगार कुणाच्या हाती येतो, एजंटाला काय विचारायचे, हे त्या घरांत ओटीवर बसल्या बसल्या कळते.

आपल्या जेऊर-करमाळ्याकडे तसे नाही. आपली समुद्राशी ओळख म्हणजे हजला गेलेले बुजुर्ग. १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्दाला हजयात्रेची जहाजे जात होती. मोगल लाईनच्या 'अकबर' आणि 'नूरजहाँ' या जहाजांची नावे जुन्या हाजीसाहेबांच्या तोंडी अजून ऐकू येतात. आता उजनीकाठच्या कंदर भागातली केळी जहाजाने आखातात जातात. केळी समुद्रापार पोचतात, पण जहाजावर काम करणारे माणूस आपल्या घरात क्वचितच असते.

म्हणून हॉटेल मॅनेजमेंट केलेला मुलगा मोबाईलवर क्रूझचा व्हिडिओ दाखवून "अम्मी, मला इथं काम मिळतंय" म्हणतो, तेव्हा घर दोनच प्रश्न विचारते. पगार किती आणि जायचे कधी? बाकीचे प्रश्न सुचतच नाहीत, कारण ते शिकवणारा सारंग आजा आपल्याकडे नाही. या महिन्याच्या सदरात तेच प्रश्न मांडतो.

आधी ही जहाजे समजून घेऊ. 'आयकॉन ऑफ द सीज' हे फिनलंडमध्ये बांधलेले जहाज जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील मायामीहून पहिल्या सफरीवर निघाले. त्यावर वीस मजले आहेत. पूर्ण भरले तर सुमारे ७,६०० प्रवासी मावतात आणि त्यांच्या सेवेला सुमारे २,३५० कर्मचारी असतात. म्हणजे तीन-साडेतीन पाहुण्यांमागे एक कामकरी. एखादे मोठे गावच पाण्यावर चालते आहे, आणि गावाचा चौथा हिस्सा बाकीच्यांची उठबस करतो आहे असे समजा.

आपल्याकडेही हे वारे आले आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' सुरू झाली. सप्टेंबर २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' जहाज गोवा, लक्षद्वीपकडे जाऊ लागले. सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले आणि पुढच्या वर्षी मुंबई बंदरातील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. एक गंमत लक्षात ठेवा. 'नवे जहाज' म्हणून जाहिरात झाली, तरी 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे, आणि 'आंग्रिया' आधी जपानमध्ये बेटांवर प्रवासी नेणारी बोट होती. जाहिरातीत 'नवे' असते ते कधीकधी फक्त आपल्या किनाऱ्याला नवे असते. नोकरीच्या जाहिरातीतला प्रत्येक शब्दही असाच तपासून घ्यावा.

व्हिडिओत दिसतो तो वरचा मजला. पोहण्याचा तलाव, झुंबरे, थिएटर, आकाशाखाली जेवणाची टेबले. आपला मुलगा राहणार तो खालच्या मजल्यावर. तिथे बहुधा दोघांत एक खोली, एकावर एक पलंग, आणि बऱ्याच खोल्यांना खिडकी नसते. जहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कामगारांची एक लांब वाट असते. अमेरिकेच्या मोठ्या महामार्गावरून कर्मचारी तिला गमतीने 'आय-९५' म्हणतात. सामान, कपडे, भांडी, माणसे सगळे तिथूनच धावते. प्रवाशांच्या तलावात उतरायला किंवा त्यांच्या टेबलावर बसायला कर्मचाऱ्याला सहसा परवानगी नसते.

करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या काळात घरच्यासारखा रविवार नसतो. रोज काम असते, तेही तुकड्यातुकड्यांत. सकाळच्या नाश्त्याला चार तास, मग थोडी सुट्टी, मग दुपार, मग रात्र. मुलगा कष्टाळू असेल तर तो हे निभावेल. पण त्याने हे जाण्याआधी ऐकलेले असावे, पहिल्या आठवड्यात रडत फोन करून सांगू नये.

आता हक्कांचे बोलू, कारण इथे आपली घरे सर्वांत अडाणी राहतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००६ चा सागरी कामगार करार आहे. भारताने तो २०१५ मध्ये मान्य केला. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा तिथे चालतो. 'आयकॉन'वर बहामाजचा झेंडा आहे आणि बहामाजनेही हा करार स्वीकारला आहे. वेटर, सफाई कामगार, आचारी हे सगळे या कराराच्या दृष्टीने खलाशीच. या करारानुसार कामाच्या तासांची मोजदाद असेल, तर चोवीस तासांत १४ आणि आठवड्यात ७२ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. विश्रांतीची मोजदाद असेल, तर चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती द्यावी लागते. पगार महिन्याच्या महिन्याला द्यायचा आणि त्यातला हिस्सा घरी पाठवण्याची सोय करून द्यायची. करार संपल्यावर घरी पोचवण्याचा खर्च मालकाचा.

आपल्या घरांसाठी त्यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. जेवण मोफत द्यायचे, आणि ते देताना कर्मचाऱ्यांच्या धार्मिक गरजा लक्षात घ्यायच्या, असे त्या करारात आहे. म्हणजे "हलाल जेवण मिळेल का?" हा लाजत विचारायचा प्रश्न नाही. मुलाखतीतच विचारावा आणि उत्तर लेखी मागावे. काही जहाजांवर कर्मचाऱ्यांसाठी भारतीय जेवण वेगळे बनते, काहींवर मुलगा भात, डाळ, भाजी, अंडी, मासळीवर राहतो. दोन्ही चालण्यासारखे आहे, फक्त आधी माहीत हवे.

सर्वांत मोठा धोका मात्र समुद्रात नसतो. तो पुण्या-मुंबईच्या एखाद्या दोन खोल्यांच्या कार्यालयात बसलेला असतो. "सीट पक्की, फक्त पैसे भरा" म्हणणारा. त्यासाठी कुणी अम्मीच्या पाटल्या मोडतो, कुणी बांधावरचे दोन गुंठे विकतो. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे आपल्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो. त्याला 'आरपीएसएल' म्हणतात. परवान्याचा क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तो स्वतः शोधा, एजंटाच्या मोबाईलवर बघू नका. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. पासपोर्ट, खलाशाचे पुस्तक म्हणजे 'सीडीसी', आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च मुलाकडे येऊ शकतो. व्हिसाचा खर्च मालकाचा. जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार असे छोटे सुरक्षा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त संस्थेत करावे लागतात, त्यांची फी भरून पावती घ्यावी. याउपर कुणी 'सीटचे' पैसे मागितले, तर तिथून उठून यावे. पाटल्या हातातच बऱ्या.

आता दीनचा प्रश्न. हा शेवटी नव्हे, करारावर सही करण्याआधी विचारायचा. आपल्याकडे दारू पिणेच नव्हे, तर ती वाढणे आणि वाहून नेणेही मना आहे. क्रूझवर जेवणाच्या टेबलावर वाढणाऱ्या वेटरला दारूचा ग्लास टाळणे जवळजवळ अशक्य असते. "तिथे गेल्यावर बघू" असे म्हणून चालत नाही, कारण तिथे गेल्यावर खाते बदलणे वरिष्ठाच्या मर्जीवर असते. पण जहाज म्हणजे फक्त बार नाही. धुलाईखाते, इंजिन, वीज, सुतारकाम, बेकरी, भांडार, डेकची देखभाल, दवाखाना अशी कितीतरी कामे तिथे आहेत. आयटीआय झालेल्या आपल्या मुलांना वायरमन, फिटर, वातानुकूलन यांची कामे जमतात, आणि ती हातांच्या कसबावर असतात. कोणत्या खात्यात काय हाताळावे लागते ते विचारून घ्या आणि ते घेऊन आपल्या मुफ्तीसाहेबांकडे जा. या सदरात मी फतवा देणार नाही. पण प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमके मिळते.

नमाजचेही तसेच. प्रवासातल्या सवलती आहेत, पण महिनोन्‌महिने जहाजावरच राहणाऱ्याला त्या किती लागू, किब्ला चुकत असेल तर काय, रमजानमध्ये भट्टीपुढचे काम असेल तर काय, हे आलिमांकडून लिहून घ्यावे. लोखंडी जहाजात मोबाईलचा होकायंत्र फसतो, हेही मुलाला सांगून ठेवा. खोलीतला सोबती कोणत्याही धर्माचा असेल. एका मुसल्यापुरती जागा आणि पाच मिनिटांची शांतता त्याच्याकडे नम्रपणे मागितली, तर माणसे सहसा नाही म्हणत नाहीत.

धोका समुद्रात अजिबात नाही असेही नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला धडकून आडवी झाली. ३२ माणसे गेली. त्यांत मुंबई परिसरातला एक तरुण वेटर होता. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' कोरोनामुळे अडकली. त्यावर १३८ भारतीय होते आणि त्यांपैकी १३२ कर्मचारी. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद होते, तेव्हा त्यांना जेवण पोचवत होते ते हेच लोक. जहाजावर संकट आले की वेटर वेटर राहत नाही, लोकांना वाट दाखवणारा होतो. म्हणून ते सुरक्षा प्रशिक्षण कागदापुरते उरकू नये.

हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जण बुडाले. पाणी धरणाचे असो की सागराचे, जॅकेट अंगावर घालायचे असते, हा धडा आपण फार महाग किमतीला शिकलो आहोत.

शेवटचा प्रश्न घरातल्या बायकांना विचारायचा आहे. पुष्कळदा बोटीची तारीख ठरते आणि तिच्या आधी घाईने निकाह उरकला जातो. महिन्याभरात नवरा जातो, नऊ महिन्यांनी येतो, दोन महिन्यांनी पुन्हा जातो. मुलगी सासरी, तिथे तिच्या ओळखीचे कुणी नाही. हजरत उमर (रजि.) यांनी सैनिकांना पत्नीपासून ठराविक महिन्यांपेक्षा जास्त काळ दूर ठेवू नये असे ठरवल्याचे सांगितले जाते, तेही एका स्त्रीचे दुःख कानावर पडल्यावर आणि आपल्या मुलीला विचारून. मग आपण आपल्या सुनेला का विचारू नये? करार किती महिन्यांचा, पगारातले किती तिच्या खात्यात, ती माहेरी राहणार की सासरी, हे निकाहआधी तिच्यासमोर बोलले जावे. नोकरी मुलाची असते, पण ते नऊ महिने दोघांचे असतात.

म्हणून मुलाच्या हाती बॅग देण्याआधी घरात सगळे बसा आणि एका कागदावर लिहा: परवान्याचा क्रमांक, जहाजाचे नाव आणि झेंडा, काम कोणत्या खात्यात, करार किती महिन्यांचा, पगार कुणाच्या खात्यात, अडचणीत कुणाला फोन करायचा. करारपत्राची एक प्रत घरी राहू द्या, कोकणातल्या घरी राहते तशी. एवढे भरले तर निर्धास्त हो म्हणा. एखादा रकाना कोरा राहिला, तर तो भरेपर्यंत थांबा. जहाज गेले तर दुसरे येते.

अल्लाह आपल्या मुलांना हलाल रोजी देवो आणि सुखरूप घरी आणो. आमीन.