गाडी ठोकल्या गेली, आता क्लेम घ्यावा का?

गाडीच्या क्लेमवरच्या व्हिडिओत मी घाईत बोललो, आकडे सांगायचे राहूनच गेले. ते इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंद्याच्या गाडीला फुल इन्शुरन्स पाहिजेच. पण "फुल आहे, आता टेन्शन नाही" असं समजणारा दुकानदार फसतो. मीही फसलो.

मागच्या दिवाळीच्या सीझनमध्ये माझा छोटा हत्ती माल घेऊन अमरावतीहून अकोल्याला निघाला होता. जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज रेकॉर्ड झाला ना, तोच हा रस्ता. रस्ता मस्त, गाड्या सुसाट, आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे अंधारात कापसाची ट्रॉली! मागे साधं रिफ्लेक्टर नाही. ड्रायव्हरचं खरचटण्यावर निभावलं. ते महत्त्वाचं, बाकी सगळं पैशांचं आहे.

बिल झालं 41 हजार. कंपनीकडून आले 14 हजारांच्या आत.

मी तणतणत गेलो, पण चूक माझीच होती. मालवाहू गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत लाइट, बंपर, मडगार्ड, बॉनेट, टायर आणि रंगकाम धरलेलंच नसतं. गाडी पूर्ण भंगारात गेली तरच अपवाद. हे भाग हवे असतील तर थोडा जास्त प्रीमियम भरून 'आयएमटी 23' नावाची जोड घ्यावी लागते, आणि तेव्हाही पूर्ण पैसे मिळत नाहीत. आता सांगा, समोरून ठोकल्यावर फुटतं काय? हेच ना! माझ्या बिलातले 24 हजार इथेच गेले. उरलेल्या लोखंडी भागांवर 25 टक्के घसारा कापला, कारण गाडी साडेतीन वर्षांची होती. वर मालकाच्या वाट्याची सक्तीची कपात. आपण सल्ला विचारतो कारवाल्या मित्राला, पण त्याची पॉलिसी वेगळी असते राजेहो.

फक्त थर्ड पार्टी असती तर? मोटार वाहन कायद्याला तेवढं पुरतं, पण माझ्या गाडीला एक रुपयाही आला नसता.

आता कोणी सांगत नाही तो हिशोब. क्लेम न घेतल्याबद्दल मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि शेवटी 50. माझी 35 वर आली होती. एक क्लेम घेतला की शून्य. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम 8 हजार धरा. पुढच्या तीन रिन्यूअलला मला 45, 50, 50 टक्के सूट मिळाली असती; आता मिळणार 0, 20, 25. फरक 3,600 अधिक 2,400 अधिक 2,000. झाले 8 हजार. म्हणजे हाती खरे उरले सहा हजारांच्या आत.

त्यात सर्वेअर आणि मंजुरीची वाट पाहत गाडी चार दिवस नुसती उभी, दिवाळीत! भाड्याचा टेम्पो रोजचे 1,800. चार दिवसांचे 7,200. क्लेम घेऊन मी तोट्यातच गेलो.

म्हणून म्हणतो, अपघात झाला की कंपनीला लगेच कळवा, फोटो काढा, पण क्लेम घ्यायचा की नाही ते इस्टिमेट आल्यावर कागद-पेन घेऊन तुम्ही ठरवा. गॅरेजवाल्याला ठरवू देऊ नका. मला एकाने सांगितलं, "भाऊ, मागचा जुना डेंटही यातच बसवून देतो." हे नाही करायचं. सर्वेअरला जुना गंज ओळखू येतो, आणि खोटा क्लेम म्हणून खराही अडकतो. पकडल्या गेलो नसतो तरी मी केलं नसतं; गिऱ्हाइकाने मला असं बिल फुगवून मागितलं तर मी देत नाही.

चेसी वाकली, इंजिनला मार बसला, तर मात्र संकोच न करता क्लेम घ्या. प्रीमियम त्यासाठीच भरतो आपण. छोट्या ठोकरीसाठी मी आता गल्ल्यातून महिन्याला हजार रुपये वेगळे काढतो.

या वेळी रिन्यूअलला आयएमटी 23 मागितलं. एजंट म्हणाला, "हे तर कोणी मागतच नाही, भाऊ." मी म्हटलं, तुम्ही कधी सांगितलं का कोणाला?