गळ्याला पेलेल असे जपानी गाणे

स्नेहसंमेलनात जपानी गाणे कशाला, असा प्रश्न एखाद्या पालकाने विचारला तर तो गैर म्हणता येणार नाही. ज्या समाजात जागृतीचा संदेश जलशांनी आणि भीमगीतांनी घरोघर पोहोचविला, त्याला गाण्यांची उसनवारी करण्याचे कारण नाही. तरीही माझे मत असे की, मुलांना जपानी गाणे म्हणावेसे वाटत असेल तर त्यांना ते अवश्य म्हणू द्यावे. मात्र कोणते म्हणावे, हे ठरविताना मोठ्यांनी लक्ष घालावे.

मुलांना हे वेड कोठून लागले, हे सांगायला नको. डोरेमॉन आणि शिनचॅन यांच्या सोबतीने ती वाढली आणि पुढे मोबाइलवरील जपानी चित्रमालिकांनी त्यांच्या ओठी तिकडची गाणी आणून ठेवली. हे केवळ शहरात घडते असेही नाही. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गाडीवाट या खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेने २०१९ साली मुलांना कोणती परकी भाषा शिकावीशी वाटते असे विचारले, तेव्हा बहुतेकांनी जपानीचे नाव घेतले. यंत्रमानवांचे आकर्षण हे त्यामागचे कारण. गाडीवाटला जे साधले ते अंकुशनगरला अशक्य नाही.

अडचण निराळीच आहे. कराओकेचा ट्रॅक आता कोणत्याही मोबाइलवर मिळतो, स्पीकर उसना आणता येतो, आणि मग मुले निवडतात ते गाजलेले गाणे. उदाहरणच द्यायचे तर योआसोबी या जोडीचे २०१९ च्या अखेरीस आलेले ‘योरु नि काकेरु’. गाणे सुरेख आहे, यात वाद नाही. परंतु त्याचे संगीतकार आयासे हे मूळचे व्होकलॉइडसाठी, म्हणजे संगणकाच्या कृत्रिम आवाजासाठी, गाणी रचणारे. यंत्राला श्वास घ्यावा लागत नाही. या गाण्यातही शब्द इतके दाट आणि चाल इतकी वर-खाली धावणारी आहे की सरावलेल्या गळ्याचीही दमछाक व्हावी. परिणाम काय होतो? वर्गातली दोन-तीन मुले कशीबशी निभावून नेतात किंवा मूळ ध्वनिमुद्रिका लावून नुसते ओठ हलवितात, आणि उरलेली पन्नास मुले टाळ्या वाजविण्यापुरती उरतात. ज्यांचे आईवडील ऊसतोडीच्या हंगामात दूर असतात, ज्या मुलांना रंगमंचावर उभे राहण्याची संधी वर्षातून एकदाच मिळते, त्यांना पुन्हा मागच्या रांगेत बसविणे हे कोणत्याही निवासी शाळेला शोभणारे नाही.

कराओकेचा जन्मच मुळी न गाणाऱ्यांसाठी झाला, हे येथे सांगितले पाहिजे. कोबे शहरातील वादक दाइसुके इनोउए मधुशाळांतून गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करीत. गिऱ्हाईक बेताल असले तरी त्याच्या पट्टीला आणि लयीला जुळवून घेणे ही त्यांची खासियत. एका उद्योजक गिऱ्हाइकाने त्यांना सहलीवर साथीला बोलाविले. त्यांना जाणे जमेना, म्हणून त्यांनी त्या गृहस्थाच्या गळ्याला झेपेल अशी साथ फितीवर मुद्रित करून दिली. त्यातून १९७१ साली नाणे टाकून चालणारे त्यांचे यंत्र तयार झाले. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ म्हणजे ऑर्केस्ट्रा. गायकाची जागा मोकळी ठेवलेला वाद्यवृंद. इनोउए यांनी पेटंट घेतले नाही. २००४ साली त्यांना मिश्कील ‘इग् नोबेल’ शांतता पुरस्कार मिळाला, तो लोकांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखविल्याबद्दल! साथीने गायकाकडे झुकावे, हा या कलेचा मूळ धर्म आहे. आपण मात्र मुलांनाच ट्रॅककडे ओढीत नेतो.

मग सोपे गाणे ओळखावे कसे? सुराच्या बाबतीत आपल्याकडे एक चांगली खूण आहे. जपानी लोकप्रिय संगीतात ‘योनानुकी’ नावाची पाच स्वरांची रचना फार चालते. ‘यो’ म्हणजे चौथा, ‘ना’ म्हणजे सातवा, ‘नुकी’ म्हणजे वगळलेले. मध्यम आणि निषाद वगळा, उरतात सा रे ग प ध. हे तर आपल्या भूपाचे स्वर! पेटीवर भूपाचे अलंकार घोटलेल्या मुलाला या चाली परक्या वाटत नाहीत. मात्र स्वर ओळखीचे असले म्हणजे काम भागले असे नाही. ‘अकातोम्बो’ हे १९२७ चे प्रसिद्ध गीत याच स्वरांतले आहे; पण त्याची पहिली ओळच मंद्र पंचमापासून तार षड्जापर्यंत जाते. आवाज फुटण्याच्या वयातल्या मुलाला ते द्यावे, हे मला पटत नाही.

उच्चारांच्या बाबतीत तर मराठी मूल भाग्यवान आहे. जपानीत मुख्य स्वर पाचच: आ, इ, उ, ए, ओ, आणि बहुतेक अक्षरे स्वरान्त. ‘त्सु’ या अक्षराशी अनेक परदेशी विद्यार्थी झटापट करतात. आपण ‘चूल’ म्हणताना जो दंत्य च उच्चारतो, तोच तो ध्वनी. म्हणून गाण्याचे शब्द रोमन लिपीत न देता देवनागरीत लिहून द्यावेत. त्याला आणखी एक कारण आहे. जपानी अक्षरमालेचा क्रम आ-का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा लावला जातो. तो आपल्या वर्णमालेशी इतका जुळतो, कारण बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या अभ्यासाबरोबर भारतीय वर्णव्यवस्था तेथे नेली. भदन्त सुरई ससाई आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस यांच्यामुळे आपण जपानला ओळखतो. ही ओळख त्याहून कित्येक शतके जुनी आहे. एकच सावधगिरी बाळगावी, ती ऱ्हस्व-दीर्घाची. ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. गाण्यात तो दीर्घ स्वर स्वतंत्र मात्रा घेतो. तो गिळला की लयही बिघडते आणि नातेही.

तिसरी कसोटी आपल्या मातीतली. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव पसरली, ती काही केवळ कॅसेटमुळे नव्हे. धृपद आले की कोरस उचलतो आणि कोरसच्या मागे समोर बसलेला समुदाय उचलतो, ही त्या गायनाची ताकद. ज्या गाण्याचे धृपद दुसऱ्यांदा ऐकतानाच शेवटच्या रांगेला म्हणता येते, ते सोपे गाणे; भाषा कोणतीही असो.

या कसोट्यांवर मला तीन-चार गाणी टिकलेली दिसतात. लहान वर्गांसाठी ‘तोनारी नो तोतोरो’ या १९८८ च्या चित्रपटातील ‘साम्पो’: फेरफटक्याचे गाणे, कवायतीच्या चालीचे, पाय आपटीत म्हणावे असे. टाळ्यांचे एक इंग्रजी बालगीत आपल्या बालवाड्यांत सर्रास म्हणतात. त्याच चालीचे जपानी गीत क्यू साकामोतो यांनी १९६४ साली गाजविले. चाल आधीच पाठ, म्हणजे निम्मे काम झालेले. मोठ्या मुलांसाठी स्माप या पाच जणांच्या संघाचे २००३ चे ‘सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना’. ते सर्वांनी मिळून एकाच सुरात म्हणायचे, मध्यम लयीतले गाणे आहे.

आणि दहावीच्या निरोप समारंभासाठी माझे मत साकामोतो यांच्याच १९६१ च्या ‘उए ओ मुइते आरुको’ला. पाश्चात्त्यांनी या गाण्याला ‘सुकियाकी’ हे एका मांसाहारी पदार्थाचे नाव ठेवले, त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नाही. तरीही १९६३ च्या जूनमध्ये ते अमेरिकेतील यादीत तीन आठवडे पहिल्या स्थानावर राहिले, आणि तेही जपानीतच. डोळ्यांतले पाणी लपवीत एकटा चालणारा माणूस त्यात आहे. गीतकार रोकुसुके एई यांच्या मनात १९६० च्या अमेरिका-जपान कराराविरुद्धच्या फसलेल्या आंदोलनाची सल होती, असे सांगतात; चळवळीत पाय झिजविलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ते अधिक कळेल. मुख्य चाल बव्हंशी भूपाच्याच स्वरांत, लय चालण्याची. मूळ पट्टी पवित्र मानू नये. मोबाइलवरच पट्टी बदलता येते. मुलामुलींनी एकत्र म्हणून पाहावे आणि सर्वांत कमकुवत गळ्याला सोयीची होईल ती ठेवावी. महिनाभर रोज सायंकाळी पंधरा मिनिटे पुरेत.

या गाण्यात एका जागी शब्द नाहीत, नुसती शीळ आहे. ज्यांचे शब्द पाठ होणार नाहीत, त्यांच्यासाठी ती जागा राखून ठेवावी. वसतिगृहात शीळ घालण्यास मनाई असते, हे मला ठाऊक आहे. गृहपालांनी तेवढा एक दिवस सवलत द्यावी.