तिशीनंतरच्या तपासणीत एक आकडा वाढवा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

आपल्या खात्याची आशाताई घरी येते तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरते. तंबाखू खाता का, दारू घेता का, अंगमेहनत किती होते, घरात कुणाला बीपी, साखर, हृदयविकार आहे का, असं सगळं विचारते आणि टेपने कंबर मोजते. पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली की गुण वाढतात. पुढे उपकेंद्रात दंडाला पट्टा, बोटाला सुई. बीपी आणि साखर कळते. कार्यक्रम चांगला आहे, गावोगाव पोचलेला आहे. पण घरातल्या हृदयविकाराची चौकशी करून झाली, तरी हृदयाच्या रक्तवाहिन्या ज्याने बुजतात ते मोजायचं राहूनच जातं. कोलेस्टेरॉल या तपासणीत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं तर ते सरकारी दवाखान्यात होतं. पण लिहून मिळतं ते बहुतेक वेळा छातीत कळ येऊन गेलेल्याला.

माझी मागणी एका आकड्याची आहे. एकूण कोलेस्टेरॉल मोजावं, एचडीएल म्हणजे ज्याला लोक चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतात ते मोजावं, पहिल्यातून दुसरं वजा करावं. उरतं ते नॉन-एचडीएल. एवढं रुग्णाच्या कार्डावर लिहावं. त्यासाठी कुणाला उपाशी बोलावू नये.

माझी सगळी नोकरी ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. यकृत ते प्रथिनांच्या वेष्टणात बांधून बारीक कणांच्या रूपाने रक्तात सोडतं. एलडीएल हे त्यातले सगळ्यांत प्रसिद्ध कण, पण एकटे नव्हेत. ट्रायग्लिसराइड वाहून नेणारे व्हीएलडीएल आणि त्यांचे अर्धवट रिकामे झालेले अवशेषही असतात. या सगळ्यांवर अपो-बी नावाचं एकेक प्रथिन असतं, आणि यातला कुठलाही लहान कण धमनीच्या अस्तरात शिरून अडकू शकतो. वर्षानुवर्षं अडकत राहिले की तिथे गाठ धरते, आणि एके दिवशी ती फुटली की अटॅक. एलडीएलचा आकडा यातल्या एकाच प्रकाराची मोजदाद करतो. नॉन-एचडीएल त्या सगळ्यांमधल्या कोलेस्टेरॉलची बेरीज देतो. अपो-बी थेट मोजलं तर आणखी नेमकं कळतं, हे मान्य. पण त्याची किट महाग असते, आणि तालुक्याच्या ठिकाणी ती मिळायची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. वजाबाकीला किट लागत नाही.

आपल्या लोकांसाठी ही वजाबाकी जास्तच मोलाची आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणाचे चार प्रदेशांतले निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्या चारांत महाराष्ट्र होता. एलडीएल वाढलेले लोक निघाले ११.८ टक्के. ट्रायग्लिसराइड वाढलेले २९.५ टक्के. एचडीएल कमी असलेले ७२.३ टक्के. म्हणजे आपला बिघाड बहुतेकदा एलडीएलच्या रकान्यात ठळक दिसतच नाही. एक उदाहरण घ्या. एकूण २१०, एचडीएल ३५, ट्रायग्लिसराइड ३००. हिशेबाने एलडीएल येतं ११५. अनेक लॅबच्या कागदावर एलडीएलची मर्यादा १३० छापलेली असते, त्यामुळे त्या ओळीपुढे तारा पडत नाही. माणूस कागद घडी करून खिशात घालतो. वाईट कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, मग काळजी कसली? त्याच माणसाचं नॉन-एचडीएल १७५ आहे. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत, ज्यांना फारसा धोका नाही अशांसाठीही ते १३० च्या खाली हवं असं म्हटलं आहे. धोका जास्त असेल तर १०० च्या खाली, आणि अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं ८५ च्या खाली.

आता उपाशीपोटाबद्दल. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण त्या अटीने झालेले हाल मी खिडकीच्या आतून बघितले आहेत. वाडीवरची माणसं पहिल्या एसटीने यायची. साखरेची गोळी घेतलेली, पोटात चहासुद्धा नाही. नळी भरेपर्यंत साडेनऊ-दहा वाजायचे. कुणाला घेरी यायची. कुणी रांगेतच बिस्किट खाल्लं म्हणून आम्ही परत पाठवायचो, आणि परत गेलेला माणूस पुन्हा येत नसे, कारण दुसऱ्या फेरीला दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडते.

या अटीचं मूळ एका सूत्रात आहे. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एलडीएल थेट न मोजता हिशेबाने काढायची रीत दिली: एकूणमधून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. ट्रायग्लिसराइड जेवणाने वाढतं, म्हणून पोट रिकामं हवं. रीत हुशारीची होती आणि अजूनही असंख्य लॅब तीच वापरतात. पण नॉन-एचडीएलच्या हिशेबात ट्रायग्लिसराइड येतच नाही. जेवून आलेल्या माणसाच्या एकूण कोलेस्टेरॉलमध्ये आणि एचडीएलमध्ये फरक पडतो तो किरकोळ. युरोपातल्या तज्ज्ञ संस्थांनी २०१६ मध्ये सरसकट उपाशी बोलावण्याची गरज नाही असं संयुक्तपणे जाहीर केलं, आणि आपल्याकडच्या २०२४ च्या सूचनाही तेच सांगतात. फक्त ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर निघालं तर उपाशीपोटी पुन्हा बोलवावं. ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं असलं तर नमुना यंत्रात घालण्याआधीच ओळखू येतो. सेंट्रिफ्यूज थांबलं की नळीत वर पिवळसर पारदर्शक सीरम दिसायला हवं. त्याऐवजी सायीच्या दुधासारखं काहीतरी तरंगत असतं. लग्नसराईत अशा नळ्या जास्त दिसायच्या. हे माझं निरीक्षण, संशोधन नव्हे.

एवढी घाई कशासाठी? इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या दक्षिण आशियाई रुग्णांचं वेगळं विश्लेषण २००७ मध्ये आलं, त्याचे पहिले लेखक नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी. पहिला अटॅक येण्याचं सरासरी वय आपल्याकडे ५३, इतर देशांत ५८.८. जवळजवळ सहा वर्षं आधी. त्या वयात मुलीचं लग्न व्हायचं असतं, कर्ज फिटायचं असतं. आणि अस्तरातली गाठ काही ५३ व्या वर्षी सुरू होत नाही. ती तिशीत, कधी त्याही आधी धरू लागते. म्हणजे आशाताई ज्या वयात टेप घेऊन येते, नेमक्या त्याच वयात.

सरकार हृदयावर खर्च करत नाही असं नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, कवच पाच लाखांपर्यंत गेलं आहे. गरिबाच्या घरात त्याने किती फरक पडला हे मी पाहिलं आहे, त्या योजनेवर माझा राग नाही. पण स्टेंटचे पैसे द्यायला तयार असलेल्या राज्याने वीस वर्षं आधीच्या एका नळी रक्ताला हात आखडता घ्यावा, हा हिशेब मला कळत नाही.

आकडा कळून पुढे काय, असं कुणी विचारेल, आणि ते रास्त आहे. उपाय नसलेली तपासणी म्हणजे नुसती धास्ती.

उपाय आहे, आणि स्वस्त आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात एका बुरशीतून कोलेस्टेरॉल उतरवणारं पहिलं स्टॅटिन औषध वेगळं काढलं. अमेरिकेत ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी यकृताच्या पेशी एलडीएल रक्तातून कसं खेचून घेतात ते उलगडलं. त्यांना १९८५ चं नोबेल मिळालं. स्टॅटिनने यकृताचं हे खेचणं वाढतं. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरलं तर अटॅक आणि पक्षाघाताचा धोका साधारण एक पंचमांशाने कमी होतो, हे लाखाहून जास्त लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून दिसलं आहे. अटोर्वास्टॅटिन देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे.

अडचण गोळी मिळण्याची कमी आणि चालू राहण्याची जास्त आहे. तीन महिन्यांनी रिपोर्ट चांगला आला की लोक गोळी बंद करतात. "आता नॉर्मल झालंय ना, मग कशाला पोटात औषध?" हे वाक्य खिडकीवर मी रोज ऐकलं. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो, आणि गोळी थांबली की काही आठवड्यांत जागेवर येतो. मग शेजारी सांगतो म्हणून लसूण, अर्जुनाची साल, दुधीचा रस. लसूण खावी, चवीला चांगली. १७५ ला १०० करणं तिच्या आवाक्यातलं नाही.

खाण्यापिण्याने आकडा हलतच नाही असं मात्र म्हणू नये. वनस्पती तूप, पाम तेलातलं फरसाण, खारी, बटर, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल कमी केलं, मटकी-हुलगे-चवळीसारखी कडधान्यं वाढवली तर एलडीएल काही टक्के उतरतं. ट्रायग्लिसराइड तर साखर, दारू आणि वजन यांना फार लवकर दाद देतं. आपल्याकडचं दुखणं तिथेच असल्याने नॉन-एचडीएलचा आकडा चालण्याने आणि ताटातला भात कमी करण्याने बऱ्यापैकी सुधारू शकतो. बायकांमध्ये आकडा अचानक वाढलेला दिसला तर आधी थायरॉइड बघावं. गरोदरपणी तो वाढतोच, तेव्हा मोजूच नये. आणि एचडीएल वाढवायच्या नादाला लागू नये; ते वाढवणाऱ्या औषधांवर मोठ्या चाचण्या झाल्या, आकडा वाढला, अटॅक कमी झाले नाहीत.

नॉन-एचडीएल २२० च्या वर निघालं तर गोष्ट वेगळी. तिथे आनुवंशिक दोष असू शकतो. तो अडीचशे माणसांत साधारण एकाला असतो, आणि अशा माणसाच्या भावंडांना व मुलांना बोलावून तपासलं पाहिजे. २०२४ च्या सूचनांत लायपोप्रोटीन-ए ही आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा करावी असंही आहे. जवळपास एक चतुर्थांश भारतीयांत ते वाढलेलं असतं आणि खाण्यापिण्याने ते जवळजवळ बदलत नाही. त्याची मागणी मी आज सर्वांसाठी करत नाही. ज्या घरात कुणी चाळिशीत अटॅकने गेलं, त्या घरापुरती ती जिल्हा रुग्णालयात सुरू व्हावी.

हे जमेल का, याचं उत्तर आपल्याच खात्यात आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्राचे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. ठरलेली गोळी, ठरलेला डोस, महिनाभराचा साठा हातात, प्रत्येकाच्या नावाची नोंद, आणि न आलेल्याला फोन. यापेक्षा अवघड काही त्यात नव्हतं. त्याच रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवायचा आहे. सुरुवात या चार जिल्ह्यांतून करावी आणि आधी मधुमेह व बीपीच्या रुग्णांचं मोजावं, कारण त्यांना धोका जास्त आणि ते दर महिन्याला येतातच. रुग्णाच्या कार्डावर दोन जागा असाव्यात: "तुमचं नॉन-एचडीएल" आणि "तुमच्यासाठी मर्यादा". मर्यादा डॉक्टरांनी हाताने लिहावी, छापील नको. मधुमेह असलेल्याची आणि ठणठणीत माणसाची एकच नसते.

यासाठी रिएजंट लागेल, रिक्त असलेली तंत्रज्ञांची पदं भरावी लागतील, अर्थसंकल्पात तरतूद लागेल. त्याला वेळ जाईल, हे मी जाणतो. पण ज्या दवाखान्यांत कोलेस्टेरॉलसाठी "उपाशीपोटी यावे" अशी पाटी आहे, ती काढायला एक परिपत्रक पुरे आहे. साखरेच्या उपाशीपोटी तपासणीपुरती ती राहू द्यावी. एवढं या महिन्यात व्हावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ